हनोख, पण कंचा?

आमच्या तिसगावात हनोख नावाचा एकच माणूस आहे. तिसगावातच काय, सगळ्या पाथर्डी तालुक्यात दुसरा असला तर मला आणून दाखवा. तरीही या माणसाला "हनोख काका" अशी हाक मारली की तो जागच्या जागी थांबतो आणि मान न वळवता विचारतो, "कंचा?"

मी नुकतंच दुकान टाकलं होतं तेव्हाची गोष्ट. दुकान म्हणजे बाजारपेठेतला दहा बाय आठचा गाळा. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्या तऱ्हेचे ऑनलाईन फॉर्म. काका रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि छत्री काउंटरला अडकवून चालू लागले. झेरॉक्स काढताना नाव वाचलं होतं, म्हणून मी मागून ओरडले, "अहो हनोख काका."

ते थांबले. "कंचा?"

"तुम्ही."

"ते कळलं. पन कंचा?"

मला वाटलं, बाबाला ऐकू कमी येतं. मग वाटलं, ऐकू नीट येतं, वरचा मजला रिकामा आहे. मी छत्री धरून पायरीवर उभी, ते भर रस्त्यात उभे, मागं टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "छत्रीवाला हनोख." तेव्हा कुठं ते वळले, छत्री घेतली आणि गेले. माझी मात्र दिवसभर मती गुंग.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन आले, बाकावर बसले आणि काही कागद नसताना अर्धा तास बोलले. काका ख्रिस्ती. वडील योहान मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवायचे. काकांनी स्वतः जन्मभर गावोगावचे हातपंप दुरुस्त केले. बायको वारली, मूलबाळ नाही. ही माहिती त्यांनी एका दमात दिली आणि मग मूळ मुद्द्यावर आले.

"हे नाव लई जुनं हाय, पोरी. इब्री, म्हंजी हिब्रू भाषेतलं. आमच्या शास्त्रात, बायबलात, चार हनोख हायत अन् पाचवं गाव हाय. पयला काइनाचा पोरगा. काइन म्हंजी ज्यानं सख्ख्या भावाला, हाबेलाला, रानात मारलं त्यो. त्यानं फुडं एक गाव बांधलं अन् गावाला पोराचं नाव दिलं. म्हंजी गाव बी हनोख. दुसरा यारेदाचा. त्यो देवासंगं चालायचा. चालता चालता एक दिवस दिसंना झाला. मेला न्हाई, देवानं नेला. तिसरा मिद्यानाचा, अब्राहामाचा नातू. चौथा रऊबेनाचा, त्यो दुष्काळात घरच्यांसंगं मिसरात, म्हंजी इजिप्तात गेल्ता."

"मग तुम्ही कंचे?" मी विचारलं. त्यांचा शब्द एव्हाना मला चिकटला होता.

"त्येच तर इचारतोय," काका म्हणाले. "खुन्याचा पोरगा, का देवाचा सोबती, का नुसतंच गाव?"

एवढं सगळं नावाला लावून घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. माझं नाव संगीता. ते ठेवताना आमच्या आईनं फार तर पाच मिनिटं विचार केला असेल. काकांनी तेही विचारलंच, "कंची संगीता?" तिसगावात संगीता चार. पिठाच्या गिरणीची, अंगणवाडीची, पाटलाच्या मळ्यातली आणि मी. त्या दिवसापासून मी झेरॉक्सची संगीता झाले, ते आजतागायत. आता माझी सासूसुद्धा पाहुण्यांना असंच सांगते.

दुसऱ्या हनोखाला धरून काकांनी आणखी एक खूळ लावून घेतलं होतं. ते चालायचे. मढीला चालत, करंजीला चालत, पाथर्डीला चालत. कुणी मोटरसायकल थांबवून "बसा काका" म्हटलं तर म्हणायचे, "न्हाई रं. आमच्या नावाचा मानूस देवासंगं चाललाय, डबलसीट गेला न्हाई." उन्हात घामानं निथळत माझ्या दुकानात शिरायचे, तांब्याभर पाणी घ्यायचे आणि वर मलाच सांगायचे की गाडीनं माणसाचं वजन वाढतं.

लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्यांच्या 'कंचा'नं गावाची लाज राखली. कुणाच्या तरी मोबाईलवर निरोप आला, बाळासाहेब गेले. झालं. बाजारातली निम्मी शटरं खाली आली, माणसं टोप्या सारख्या करत बाळासाहेबांच्या घराकडे निघाली. हाराची ऑर्डरसुद्धा गेली. समोरून काका चालत आले, त्यांनी पहिल्या माणसाला अडवलं. "कंचे बाळासाहेब?" कुणीच हे विचारलं नव्हतं. फोन झाले, तेव्हा कळलं, गेलेले बाळासाहेब शेवगावकडचे. आणि आमचे बाळासाहेब त्या गर्दीच्या शेवटी चालत होते, एवढी माणसं आपल्या घराकडे का निघालीत, हे कुणालाच विचारायची त्यांची छाती होत नव्हती. हार परत घेतला गेला नाही. तो त्यांनाच घातला.

सरकारी कागदांत काकांच्या नावाचे जे हाल झाले ते सांगायला नको. रेशन कार्डावर हनोख, मतदार यादीत अनोख, बँकेत हनुख, आणि लाईट बिलावर हनुमंत. मी म्हटलं, दुरुस्त करून देते. बाकीची त्यांनी करून घेतली, पण बिलावर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हनुमंत बी चांगलंच नाव हाय." मग जाता जाता, "पन कंचा हनुमंत ते इचार म्हनावं."

गेल्या उन्हाळ्यात काका दुकानाच्या पायरीला अडखळले. दुसऱ्यांदा अडखळले तेव्हा मी त्यांना बसवलं आणि डोळे बघितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. हा माणूस रोज आठ-दहा मैल डांबरीच्या कडेनं चालतो आणि त्याला समोरचा ट्रक धुरकट दिसतो, हे कळून मी हबकलेच. नगरच्या दवाखान्यात फुकट ऑपरेशन होणार होतं, फक्त आरोग्याचं कार्ड पाहिजे. म्हटलं, हात्तिच्या, दहा मिनिटांचं काम.

आता जे सांगते ते मी अजून माझ्या नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

कॉलेजची ॲडमिशन चालू होती. दुकानात पोरापोरींची ही गर्दी, सर्व्हर रडतखडत चाललेला. काकांचं नाव, बापाचं नाव, गाव टाकलं. स्क्रीनवर एक चौकट आली, या नावाची जुनी नोंद सापडली आहे, हीच व्यक्ती आहे का, हो की नाही. मी वाचलं नाही. हनोख योहान साळवे, तिसगाव. दुसरा कोण असणार? मी 'हो' दाबलं.

पुढच्या पानावर लाल अक्षरात आलं, अर्जदार मयत.

ती नोंद मृत्यूची होती. जुन्या कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतल्या नोंदी कधीतरी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या, त्यातली. आठवडाभरात रेशनवरून काकांचं नाव उडालं, मतदार यादीतून उडालं, आणि कार्ड तर मिळालंच नाही. माणूस माझ्यासमोर बाकावर बसून शेंगदाणे खातोय आणि मी त्याला एका बोटानं मारून बसलेले.

काकांना सांगितलं तेव्हा मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी हळूच विचारलं, "काय लिवलंय? किती वर्साचा?" मी म्हटलं, "वय दीड वर्ष लिहिलंय, काहीतरी घोळ आहे." त्यांनी शेंगदाण्याची पुडी घडी करून खिशात ठेवली आणि उठून गेले.

मी तालुक्याच्या कचेरीत चार खेटे घातले. तिथले भाऊसाहेब माणूस बरे. म्हणाले, "ताई, सोपं आहे. ती जुनी मृत्यूची नोंद चुकून झाली, मृत्यू झालाच नव्हता, असं प्रतिज्ञापत्र करा. काकांनी सही केली की नोंद रद्द. माणूस जिवंत." मी त्यांचे पाय धरायचीच बाकी होते. दुकानात आले, प्रतिज्ञापत्र टाईप केलं, काकांना बोलावलं, पेन हातात दिलं.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचलं. सदर नावाच्या इसमाचा मृत्यू झालेला नसून सदर नोंद खोटी व चुकीची आहे, वगैरे. काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे काउंटरवर ठेवले.

मी थक्क. मग माझं डोकं सटकलं. माझी चूक म्हणून मी आठ दिवस नीट जेवले नव्हते, आणि हे महाराज कागद फाडतात. गिऱ्हाईकांसमोर मी बोलले, "काका, खूळ पुरे झालं आता. आंधळे व्हायचंय का? एका खोट्या ओळीपायी?"

"खोटी न्हाई ती," काका म्हणाले. "त्यो माझा भाऊ हाय."

मी खाली बसले.

"माझ्या आदी झाल्ता," काका सांगू लागले. "त्येचं बी नाव हनोख. दीड वर्साचा हुता, तापानं गेला. मग दोन वर्सानं मी झालो, अन् मला त्येचंच नाव लावलं. बदलीचा गडी लावत्यात ना मळ्यात, तसा. दिवेलागनीला आई दारातनं हाक मारायची, हनोख. मी म्होरं जाऊन हुभा ऱ्हायचो, तर ती माझ्या डोक्यावरनं लांब बघत असायची. म्हनून मी इचारायचो, कंचा? एकदा थोबाडीत खाल्ली, तरी इचारायचो."

इतकी वर्षं मी या शब्दावर हसले होते.

"त्येचा फोटू न्हाई," काका म्हणाले. "कबर न्हाई, हुती तिथं आता ऊस हाय. आई न्हाई, अप्पा न्हाई. कोतवालाच्या बुकातल्या त्या एका वळीबिगर त्येचं जगात काय बी न्हाई. अन् ती वळ मी सही करून खोडू व्हय? म्हंजी काइनात अन् माझ्यात काय फरक ऱ्हायला?"

मी फाटलेले तुकडे गोळा केले. दोन पोरी फॉर्म तसेच सोडून निघून गेल्या, मी अडवलं नाही.

परत भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "मग दोन हनोख होते याचा पुरावा आणा. दुसऱ्याच्या जन्माची नोंद आमच्याकडे नाहीच. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं, तिथं बघा. आणि लवकर, दवाखान्याची तारीख पंधरा दिवसांवर आहे."

काका आणि मी नगरला निघालो. चालत जाऊ म्हणाले नाहीत, तेव्हाच मला कळलं की डोळे फारच गेलेत. बसमध्ये खिडकीशी बसले, आणि सगळ्या वाटेत बोलले ते एकच. "दोगं असलो तर बरं हुईल."

नगरातलं ते चर्च जुनं, दगडी. पाळकसाहेब, म्हणजे तिथले पाद्री, तरुण होते, चाळीस-बेचाळीसचे. त्यांनी कपाट उघडलं, कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं आणि टेबलावर सोडलं. वास आला तो कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा. काकांनी सांगितलं, त्या वर्षांत तिसगावच्या मुलांच्या नोंदी त्यांचे वडील स्वतःच करायचे, महिन्यातून एकदा येऊन. पाळकसाहेब पानं उलटत गेले आणि मी वाचत गेले, कारण काकांना रजिस्टरचा फक्त रंग दिसत होता.

पहिला हनोख लगेच सापडला. योहान मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. हनोख, वडील योहान, आई राहेल. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात, मृत. काकांनी मान डोलावली.

मग पुढची पानं. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. वडील योहान, आई राहेल असं दिसलं आणि मी थांबले. नावाच्या रकान्यात हनोख नव्हतंच.

"काय झालं?" काका म्हणाले.

"काका, इथं शेथ लिहिलंय."

पाळकसाहेबही वाकले. त्याच मोत्यासारख्या अक्षरात, शेथ. आणि त्यावर शाईची आडवी रेघ, इतकी जोरात मारलेली की टाकानं कागद फाटला होता. वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, भलीमोठी वेडीवाकडी अक्षरं.

"वर काहीतरी आहे," मी म्हटलं. "हनो... हनोरव. हनोरव? हा कोण आता?" मनात म्हटलं, आता हा तिसराच निघाला, आणि ऑपरेशन गेलं.

पाळकसाहेबांनी भिंग लावलं. "र आणि व नाहीये ताई. तो ख आहे. दोन तुकडे लांब पडलेत. हनोखच आहे."

मी म्हटलं, "झालं काका. दोघे आहात." काका हसतील असं वाटलं होतं. ते खुर्चीच्या कडेला आले होते.

"शेथ म्हनलीस? नीट बघ."

"शेथच आहे. खोडलाय."

"शेथ म्हंजी बदलीचा," काका म्हणाले. मला कळलं नाही हे पाहून त्यांनी सांगितलं. हाबेल मारला गेल्यावर आदाम आणि हव्वेला आणखी एक मुलगा झाला. गेलेल्याच्या जागी देवानं दुसरा दिला, म्हणून त्याचं नाव शेथ ठेवलं. शास्त्र शिकलेल्या मास्तरांना पोर गेल्यावर झालेल्या पोराला हेच नाव सुचणार, यात नवल नव्हतं.

"मग खोडला कुनी? अप्पांनी?"

"अप्पांचं अक्षर नाहीये हे," मी म्हटलं. "लिहिता न येणाऱ्यानं लिहिल्यासारखं आहे. काका, आईला लिहिता येत होतं?"

काकांनी मान हलवली.

"न्हाई," ते म्हणाले. "सही बी अंगठ्याची हुती. एवढंच यायचं. पयला झाला तवा अप्पांनी त्येचं नाव लिवायला शिकवलं हुतं तिला. चुलीम्होरं राखेत लिवायची. म्या बघितलंय. ख तिला कंदी जमला न्हाई, दोन तुकडं पडायचं."

पाळकसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. अप्पा एवढे मास्तर, चर्चचं रजिस्टर, आजूबाजूला माणसं असणार, आणि ती अंगठेबहाद्दर बाई हातातला टाक घेऊन त्यांच्या अक्षरावर रेघ मारते, हे मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

"मला वाटायचं, तिला त्योच पायजे हुता," काका म्हणाले. "म्हनून त्येचं नाव माझ्या गळ्यात घातलं. मी सत्तर वर्सं असंच धरून चाललो, पोरी. अन् तिनं तर बदलीचा म्हनून लिवलेला शब्दच खोडला. तिला उभ्या जल्मात एकच नाव लिवता येत हुतं, ते तिनं मला दिलं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मी या माणसाची इतकी वर्षं टवाळी केली होती, याची लाज वाटली.

पाळकसाहेब म्हणाले, "दोन्ही नोंदींची नक्कल सहीशिक्क्यानिशी देतो. भाऊसाहेबांना एवढं पुरे होईल. दोघांची वेगळी नोंद राहील, कुणाची खोडायला नको." त्यांनी कोरा कागद ओढला, पेन उघडलं.

"साहेब, जरा थांबा," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मला दिसत न्हाई. माझं बोट ठेव तिथं."

मी त्यांचा हात धरला. पंपाच्या पाईपांनी घट्टे पडलेलं बोट होतं. ते मी पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं. त्यांनी सावकाश पुढं नेलं, ह, नो, आणि ख जिथं तुटला होता तिथं थांबवलं. खाली रेघेनं फाटलेला कागद बोटाला लागला असणार, कारण त्यांनी तो हळूच दाबून सारखा केला.

नक्कल करायला रजिस्टर लागणार होतं. पाळकसाहेब पेन उघडं धरून बसून राहिले, मीही बसून राहिले. काकांनी बोट काढलं नाही, आणि आम्ही दोघांनीही त्यांना काढा म्हटलं नाही.